हातोडी उघडत नाही

११ डिसेंबर

हातोडी उघडली नाही! सकाळी मिटलेली होती, म्हटलं आळस करत असेल. संध्याकाळी चष्म्याच्या दुकानातून आले तरी तशीच. तिन्ही डोकी आत ओढलेली, हिरवी बोटं गायब, नुसते तीन सुरकुतलेले बोळे. नऊ वर्षांत या बाईने एकदाही असं केलेलं नाही. आमच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतली बाकीची प्रवाळं रुसतात, फुगतात, त्यांचे नखरे चालूच असतात. पण हातोडी म्हणजे घड्याळ. दिवा लागला की अर्ध्या तासात बोटं बाहेर, आणि प्रत्येक बोटाच्या टोकाला ती इवलीशी हातोडी.

बाबा टाकीसमोर स्टुलावर बसून होते. "बघतो," एवढंच म्हणाले.

खरं सांगायचं तर मला हातोडीची काळजी कमी आणि बाबांची जास्त वाटतेय. एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काढलेला माणूस. अख्ख्या शहराचं पाणी ज्याच्या सहीने सुटायचं, त्याच्या घरच्या टाकीत प्रवाळ आजारी! गेले तीन आठवडे बाबांचं काहीतरी बिनसलंय. न्हाव्याकडून परत येताना रस्ता चुकले. एकच प्रश्न दोनदा विचारतात. मी मूर्खासारखं हे दादाला फोनवर बोलून गेले, तर दुसऱ्या दिवशी त्याने त्याच्या शहरातल्या वृद्धाश्रमाचं पत्रक पाठवलं. गुळगुळीत कागद, बागेत हसणारे म्हातारे. "नुसतं बघून ठेव," म्हणे. दादा नुसतं काहीच बघत नाही. लहानपणी माझी सायकलसुद्धा तो 'नुसती बघायला' घेऊन गेला होता.

हातोडी बरी व्हायलाच हवी. नाहीतर दादाला आयताच पुरावा मिळेल.

१३ डिसेंबर

मिटलेलीच. मधल्या डोक्याच्या कडेला पांढरी रेघ — म्हणजे मांस सुटून खालचा सांगाडा उघडा पडायला लागलाय.

१४ डिसेंबर, शनिवार

आज शांतपणे एकेक कारण खोडायला बसले.

धूळ? इमारतीच्या रंगकामाला तीन आठवडे झाले, अजून बाहेर भिंती घासणंच चाललंय. पण धूळ आत येणं शक्य नाही. पहिल्याच दिवशी मी शिडी घेऊन घरभर फिरले होते. खिडक्यांच्या फटी, पंख्याचं भोक, जिथे जिथे उजेड दिसला तिथे तिथे प्लास्टिक आणि चिकटपट्टी. बाबा म्हणाले होते, "आता मुंगीलासुद्धा परवानगी काढावी लागेल." तर धूळ नाही. पाण्याचा प्रवाह? नेहमीचाच. दिवा? तोच. कुठल्या माशाने कुरतडलं? आमचे मासे प्रवाळाकडे ढुंकून बघत नाहीत.

राहिलं पाणी. बाबांची वही उघडली. रोज सकाळी अकराला ते थेंब टाकून पाणी तपासतात आणि रंगावरून आकडा लिहितात. पीएच आठच्या थोडा वर असायला हवा. वहीत चार दिवस ओळीने ७.६, ७.७, ७.६, ७.६! मी संध्याकाळी सात वाजता स्वतः तपासलं, तर ७.९. तेही कमीच, पण ७.६ कुठे आणि ७.९ कुठे!

म्हणजे बाबांना रंग नीट दिसत नाहीत? चष्म्याच्या काचा घासण्यात माझी वीस वर्षं गेली, एवढं तर मला तपासता येतं. दुकानातून रंगांचे तक्ते आणले होते, जेवण झाल्यावर "गंमत म्हणून" त्यांच्यासमोर धरले. एकही चुकले नाहीत. वर म्हणाले, "माझी परीक्षा घेतेस होय, ठके?"

डोळे ठणठणीत आहेत. मग पुढचा विचार लिहवत नाही.

१५ डिसेंबर, रविवार

दिवसभर डोकं ठणकतंय. सुट्टी असली की हमखास. काळजीने असणार.

१७ डिसेंबर

माशांच्या दुकानात गेले. त्या दुकानदाराला आम्ही 'खारट' म्हणतो, कारण माल खारा आणि तोंडही खारट. वहीतले आकडे दाखवले. "ताई, वाचणारा माणूस बदला," म्हणाला! हसून म्हणाला, पण म्हणाला. मग एक डबा दिला. ही पावडर रोज सकाळी एक चमचा, पीएच सरळ होईल.

बाबांना सांगितलं नाही. सांगितलं तर त्यांना वाटेल, पोरीचा विश्वास उडाला. उडालाच आहे, पण ते त्यांना कशाला कळायला हवं? सकाळी ते उठायच्या आत चमचा घालायचा आणि डबा माझ्या कपाटात. चाळिशी उलटली आणि मी बापाच्या घरात चोऱ्या करतेय.

२० डिसेंबर

आगीतून फुफाट्यात. तिन्ही डोकी आक्रसली, मधलं तर अर्धं पांढरं. उरलेल्या बोटांची टोकं करपल्यासारखी तपकिरी.

संध्याकाळी अल्कलिनिटी तपासली. प्रवाळाला सांगाडा बांधायला ती लागते, म्हणून बाबा रोज मोजून औषध घालतात. आठ-नऊ असायला हवी. निघाली तेरा! पुन्हा तपासली. तेराच.

"बाबा, तुम्ही औषध दोनदा घातलंत?"

"एकदा."

"नक्की?"

किती तरी वेळ कॅलेंडरकडे बघत होते. तिथे ते रोज फुली मारतात. मग म्हणाले, "एकदाच. बहुतेक."

बहुतेक! हा शब्द मी बाबांच्या तोंडून जन्मात ऐकलेला नाही. पाण्यात बहुतेक नसतं, असं साहेबालाही सुनावणारा माणूस. माझ्या पाचावर धारण बसली. घाबरून दादाला फोन लावला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बघ, मी म्हणत होतो ना? उद्या टाकीऐवजी स्वतःचं औषध दोनदा घेतील." जानेवारीत येतो म्हणाला. बारा तारखेला.

२१ डिसेंबर

आज सकाळी कपाट उघडलं, चमचा भरला आणि हात तिथेच थांबला. मीच! खारटची पावडरही अल्कलिनिटीच वाढवते, डब्यावर बारीक अक्षरात लिहिलंय. त्यांचा एक डोस आणि माझा एक. बाबांनी एकदाच घातलं होतं. दोनदा झालं ते माझ्यामुळे.

दादाला फोन करायला हवा. दिवसभर करेन करेन म्हटलं. केला नाही. कारण त्या 'बहुतेक'चं काय, हा प्रश्न उरतोच. शिवाय — लिहूनच टाकते — आपली चूक कबूल करायची मला लाज वाटली. डबा कचऱ्यात टाकला.

२३ डिसेंबर

काल रविवार. बाबांची आंघोळ झाली, मग ते बाथरूममध्येच टाकीचे पंप धुवायला बसले. गरम पाण्याची बादली, व्हिनेगर, जुना टूथब्रश. त्यांचा तासाभराचा कार्यक्रम असतो. बराच वेळ ब्रशचा आवाज येईना म्हणून गेले, तर बादलीत दोन्ही हात घालून नुसते बसलेले. नळ वाहतोय, गीझर धडधडतोय. माझ्याकडे बघून त्यांनी आईच्या नावाने हाक मारली.

आईला जाऊन सहा वर्षं झाली.

मी "ओ" दिली. दुसरं काय करणार?

आज डॉक्टरांकडे नेलं. रक्तदाब बरा, साखर बरी. मग घड्याळ काढायला सांगितलं. बाबांनी गोल छान काढला आणि बाराही आकडे एकाच बाजूला लिहिले. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "सुरुवात असू शकते. वयाप्रमाणे होतं." घरी येताना टॅक्सीत बाबा खिडकीबाहेर बघत होते. मी त्यांचा हात धरला, तर म्हणाले, "घड्याळ चुकलं ना गं?"

२६ डिसेंबर

दादाचा फोन. तिकडे खोली मिळतेय, बाराला बाबांना घेऊनच जाईन. टाकी विकून टाक. मी म्हटलं बाबांना विचारू, तर म्हणाला, "त्यांना विचारून काय उपयोग? तूच सांगतेस ना त्यांना कळत नाही म्हणून."

माझेच दात, माझेच ओठ.

२८ डिसेंबर, शनिवार

आज रजा टाकली. काल संध्याकाळी दुकानातून आले तर बाबा अगदी पूर्वीसारखे होते. मी वहीवरून पुन्हा कुरकुर केली, तेव्हा म्हणाले, "तू संध्याकाळचं पाणी बघतेस आणि सकाळच्या आकड्याला खोटं ठरवतेस. सकाळचं सकाळी बघ की." एवढं साधं! मला का सुचलं नाही?

म्हणून आज दर दीड तासाने तपासलं. साडेसहाला ८.०. आठला ७.९. साडेनऊला ७.७. अकराला ७.६! माझ्या डोळ्यांनी, माझ्या हाताने. मग दुपारपासून हळूहळू वर, सहाला ७.९.

बाबांचा एकही आकडा चुकलेला नव्हता. वही छातीशी धरून रडले. बाबा गोंधळून म्हणाले, "अगं, पीएच पडला म्हणून कुणी रडतं का?"

मग आम्ही दोघं टाकीसमोर बसलो आणि त्यांनी मला शिकवल्यासारखं समजावलं. टाकीखाली स्किमर आहे, पाण्यात बुडबुडे सोडून घाण फेसाबरोबर वर काढणारं यंत्र. ते बुडबुड्यांसाठी हवा खोलीतलीच ओढतं. खोली कोंदट असली की तीच कोंदट हवा पाण्यात मिसळते आणि पीएच पडतो. "महिनाभर घर बंद करून बसलोय आपण. त्याची हवेची नळी खिडकीबाहेर काढ."

काढली. दिवाणखान्याच्या खिडकीच्या फटीतून नळी बाहेर, आणि भोवतीने चिकटपट्टीचे तीन पदर, धूळ येऊ नये म्हणून. डोकं भयंकर दुखत होतं, तरी हे केलंच.

३० डिसेंबर

अकराला ८.१! बाबांनी दुकानात फोन करून आकडा सांगितला. मी गिऱ्हाईकासमोर टाळी वाजवली. गिऱ्हाईकाला वाटलं त्याच्या नव्या फ्रेमसाठी.

१ जानेवारी

डावं डोकं उघडलं! आखूड, चुरगळलेली, पण हिरवी बोटं. मधलं गेलं, ते परत येणार नाही. उजव्याचं सांगता येत नाही. तरी एक उघडलं! बाबांना जागेवरून हाक मारली. आले, बघितलं, हसले. मग विचारलं, "हिला काय झालं होतं?"

मी पुन्हा सगळं सांगितलं.

३ जानेवारी

हातोडी बरी होतेय आणि बाबा बिघडत चाललेत. सकाळी उलटी झाली. पायऱ्या चढताना दम लागतो. शर्टाची बटणं लावायला पाच मिनिटं. मी ज्या पुराव्यासाठी धडपडत होते तो हाती आला आणि माणूसच हातचा निसटतोय. बाराला दादा येईल आणि मी काही बोलू शकणार नाही. आज पहिल्यांदा ते पत्रक उघडून नीट वाचलं.

६ जानेवारी

दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितेय. अक्षर वेडंवाकडं येतंय.

काल रविवार. मी केस धुतले, भरपूर गरम पाणी घेतलं. माझ्यामागून बाबा गेले. मी दिवाणखान्यात आडवी पडले, डोक्यात घण. किती वेळ गेला माहीत नाही. आत गीझरचा आवाज चालूच. हाक मारली, उत्तर नाही. उठले तर पाय कापसाचे. दार ढकललं. बाबा फरशीवर, भिंतीला टेकून, डोळे अर्धे उघडे.

कसं ओढत आणलं देव जाणे. टाकीसमोर आणून ठेवलं आणि मीही तिथेच कोसळले. समोर हातोडी. छान फुललेली! मला इतका राग आला तिचा. आणि शेजारीच ती नळी, सूं सूं आवाज करत बाहेरची हवा ओढणारी.

तिला बाहेरची हवा. आणि आम्ही?

दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला! पाणी महिनाभर ओरडून सांगत होतं या घरातली हवा वाईट आहे. मी काय केलं, तर पाण्याला तेवढं बाहेर काढलं. बाबांना आतच ठेवलं.

नखांनी चिकटपट्ट्या ओढल्या. निघेनात, इतक्या पक्क्या लावलेल्या! स्टूल उचलून काचेवर मारलं. बाहेर परांचीवर उभा असलेला रंगवाला ओरडला, "ओ बाई!" मी ओरडले, "आत या!" तो खिडकीतूनच आला. त्यानेच बाबांना उचलून खाली नेलं, टॅक्सी थांबवली.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. अर्धवट जळलेल्या गॅसचं विष. "रोज थोडं थोडं जात होतं. म्हणूनच विसरणं, म्हणूनच गोंधळ. तुमच्याही रक्तात आहे. तुम्ही दिवसभर घराबाहेर असता म्हणून निभावलं. आणखी एखादी अशी सकाळ..." बाबांच्या नाकातोंडावर मास्क आहे. छाती वर-खाली होतेय. मी मोजतेय.

७ जानेवारी

गॅसवाला येऊन गेला. बाथरूममध्ये गीझरच्या वर बोट दाखवून म्हणाला, "ताई, ही जाळी कुणी बंद केली?"

"मी."

"गीझरला हवा मिळाली नाही की असं होतं. याला वास नसतो."

म्हणूनच सकाळच्या आंघोळी झाल्या की पीएच पडायचा. प्लास्टिक मी किती नीट कापलं होतं! चारही कोपरे बरोबर. माझ्या हाताने मी बाबांना दीड महिना विष पाजलं, आणि दादाकडे त्यांचीच तक्रार केली.

१० जानेवारी

बाबांनी मास्क बाजूला करून विचारलं, "अल्कलिनिटी किती?"

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा घड्याळ काढायला दिलं. आकडे गोलभर! काटे जरासे इकडेतिकडे, पण आकडे गोलभर! म्हणाल्या, सुधारणा चांगली आहे, काही महिन्यांनी परत बघू. मी त्या कागदाचा फोटो दादाला पाठवला.

१२ जानेवारी

दादा आला. गाडी घेऊन आला होता, मागची सीट रिकामी ठेवलेली, बाबांच्या सामानासाठी. फुटक्या खिडकीला लावलेल्या पुठ्ठ्याकडे, उघड्या जाळीकडे बघत राहिला. मी त्याला पावडरीचंही सांगितलं, एकदाचं. त्याने टेबलावरचं पत्रक उचललं, चार घड्या घातल्या, खिशात टाकलं. "मी बापाला टाकायला निघालो होतो गं," म्हणाला. दादा रडताना मी आजवर एकदाच पाहिला होता, आई गेली तेव्हा.

जाताना म्हणाला, "चला, गॅसच होता. सुटलो." मीही म्हटलं, सुटलो.

२६ जानेवारी

बाबा घरी येऊन दहा दिवस झाले. खिडक्या सताड उघड्या. टाकीवर धुळीचा थर येतो तो मी रोज पुसते. घरात गारठा इतका की दोघं स्वेटर घालून जेवतो. हातोडीचं एकच डोकं उरलंय, पण ते भरगच्च. माझं डोकं रविवारीही दुखत नाही.

आज बाबांना डब्याचं कबूल केलं. म्हणाले, "माहीत होतं. मापाचा चमचा रोज ओला सापडायचा. आणि कपाटाकडे जाताना तू पाय न वाजवता चालायचीस, घोडी एवढी, मांजरासारखी."

मला हसू आवरेना. मग विचारलं, "माहीत होतं तर तेव्हा 'बहुतेक' का म्हणालात? सांगायचं ना, तूच घातलंस म्हणून!"

ते म्हणाले, "चहा ठेव जरा."

१६ फेब्रुवारी

टाकीची काच पुसता पुसता बाबा थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "दादाला कळू देऊ नकोस, ठके. हे विसरणं गॅसच्या आधीपासून आहे. दीड वर्ष झालं."